उरलेल्या मासळीचा वाटा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या खासगी बाजारामागच्या गल्लीत, समुद्र पाहिलेली बाई मी एकटीच. म्हणून परवाच्या हळदीकुंकवाला सगळ्यांनी मला मधोमध बसवलं आणि समुद्र कसा असतो ते सांग म्हणाल्या. मी आगबोटीतल्या उलट्यांचं सांगितलं, पाण्यात पडलेल्या चपलेचं सांगितलं, उकड्या तांदळाच्या पेजेचं सांगितलं. बायका पोट धरून हसल्या. पुढचं मी सांगितलं नाही, कारण आई तिथेच बसली होती. ते इथे लिहिते आहे.

मी गेले होते माझ्या थोरल्या भावाला आणायला. दादा संस्थानच्या रिसाल्यात दफेदार होता. वडील आणि आजोबाही पागेतलेच. आमचे पूर्वज दख्खनेतून कधी आले ते घरात कुणाला नीट सांगता येत नाही, पण घोड्यावर बसून आले याबद्दल कुणाला शंका नाही. संस्थान विलीन झालं, मध्य भारत झाला, फौज हिंदी सैन्यात गेली. काहींना त्यात घेतलं, काहींना घरी पाठवलं. दादा घरी आला. वहिनी पहिल्या बाळंतपणातच गेली होती, त्यामुळे घरी म्हणजे आई आणि मी. रिसाल्यातले पुष्कळ घोडे विकले गेले. दादाची घोडी एका टांगेवाल्याने घेतली आणि तो तिला रोज स्टेशनच्या अड्ड्यावर उभी करू लागला. दादा बाजाराला जायचा तर त्या रस्त्याने जात नसे, लांबून जायचा. पण घोडी त्याचा आवाज ओळखायची. एकदा कुणाशी तरी बोलत तो चुकून जवळून गेला, तर ती प्रवाशांसकट टांगा घेऊन त्याच्यामागे चालायला लागली. त्यानंतर दादा फार दिवस ग्वाल्हेरात राहिला नाही.

भिकाजी नावाचा एक मालवणकडचा स्वार त्याच्या हाताखाली होता. तोही घरी बसवला गेला होता. त्याने गावी जाऊन बापाची होडी धरली आणि दादाला बोलावून घेतलं. दादा समुद्रावर काय करतो हे आम्हाला धड ठाऊक नव्हतं. कुणी विचारलं तर आई म्हणायची, "जहाजावर आहे."

ज्या दिवाळीत मध्य भारत मोडून नवा मध्य प्रदेश झाला आणि राजधानी भोपाळला गेली, त्या दिवाळीची ही गोष्ट. आमच्या गल्लीतले निम्मे लोक दप्तरांबरोबर भोपाळला निघाले होते. दारोदार बिस्तरे बांधलेले. आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. ती म्हणाली, दिसतं आहे तोवर त्याला एकदा बघू दे. माझ्या शाळेला सुट्टी लागली आणि मी निघाले.

भाऊबीज

मुंबईपर्यंतची गाडी आणि तिथली मावशी यांचं काही लिहीत नाही. आगबोटीत मी पाडवा आडवी पडून काढला. शेजारच्या बाईने आमसूल चोखायला दिलं, तेवढंच काय ते पोटात राहिलं.

मालवणला आगबोट धक्क्याला लागत नाही. लांब उभी राहते आणि छोटे पडाव येऊन माणसं उतरवून घेतात. पडावात पाय टाकताना माझी एक चप्पल पाण्यात गेली. दुसरीचा काय उपयोग, म्हणून तीही मी सोडून दिली. आमच्याकडे घराबाहेर अनवाणी बाई दिसली तर लोक घरात कुणी गेलं का विचारतात. इथे किनाऱ्यावर जवळजवळ कुणाच्याच पायात काही नव्हतं.

दादाला मी ओळखलंच नाही. गुडघ्यापर्यंत पंचा, अंगात बंडी, चेहरा काळवंडलेला, आणि मिशा काढलेल्या. त्याच्या मिशा मी लहानपणापासून पाहिल्या होत्या. तो समोर आला आणि म्हणाला, "अकेली आलीस?"

"सोबतीला कोण येणार होतं?"

त्याने माझ्या पायांकडे बघितलं, आपल्या वहाणा काढल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या. त्या मला फार मोठ्या होत्या. भिकाजीच्या घरापर्यंत मी त्या ओढत ओढत गेले.

भिकाजीचं गाव मालवणहून थोडं दूर, खाडीच्या तोंडाशी. घर माडांत, नळ्यांच्या छपराचं. भिकाजी हा ठेंगणा, हसरा माणूस. दादाच्या पगारावर आणि जेवणावर आता त्याचा हुकूम होता, तरी तो दादाला "दफेदारसाहेब" म्हणायचा आणि दादा आत आला की उभा राहायचा. त्याला बहीण नव्हती. मी दोघांनाही एकाच पाटावर शेजारी बसवून ओवाळलं. भिकाजीने ओवाळणीत घातला तो एक भलामोठा शंख. त्याची बायको ते बघून तोंडाला पदर लावून हसली.

जेवायला तिने पेडव्यांचं तिखलं केलं होतं. पेडवे म्हणजे बोटाएवढे मासे. आमच्या घरी मांसाहार मटणाचा; मासा कधीतरी, तोही आमच्याकडच्या सिंध नदीतला मोठा रोहू, हिंगाच्या वासाचा. इथे तिरफळाचा वास नाकात गेला आणि मला आधी शिंक आली. पण भाताबरोबर पहिला घास खाल्ला आणि आगबोटीपासून हरवलेली भूक परत आली. मी तीनदा भात मागून घेतला. दादा माझ्याकडे बघत होता. तो म्हणाला, "हे सगळं फेकायचं मासं आहे, कुसुम. बाजारात कोणी घेत नाही." आणि अशा अभिमानाने म्हणाला की जणू तो स्वयंपाक त्यानेच केला होता.

रापण

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रापण पाहिली. होडीतून एक लांब जाळं अर्धगोल सोडून येतात आणि मग दोन्ही टोकांनी ते वाळूवरून ओढतात. ओढायला गावच लागतो. बायका, म्हातारे, जाता-येताचा माणूससुद्धा दोरीला हात लावतो. मीही लावला. हाताला फोड आले, पण जाळं जवळ येऊ लागलं आणि पाणी आतून उकळल्यासारखं दिसू लागलं तेव्हा सोडवेना.

मासळी वाळूवर आली की निवड होते. बांगडा एकीकडे, सुरमई एकीकडे. त्यांचा तिथेच लिलाव होतो. मग उरतो एक ढीग: बारके शेंगाळे, ज्यांच्या काट्याने हात सुजतो, पाकटाची पिल्लं, फुटलेले बळे, खेकडे, नाव नसलेलं बरंच काही. त्यात फुगणारा एक मासा असतो, केंड. तो विषारी. दादा सर्वांत आधी केंड वेचून काढी आणि लांब नेऊन खोल पुरी, म्हणजे तो कुणाच्या हाती लागू नये.

त्या ढिगावर दादाचं काम चालायचं. भिकाजीची होडी मोरी धरायला जायची. मोरी म्हणजे लहान शार्क. तिच्या काळजाच्या तेलाला त्या वर्षांत फार मागणी होती. एका लांब दोरीला ओळीने गळ बांधायचे आणि प्रत्येक गळाला माशाचा तुकडा लावायचा. ते आमिष या नकोशा ढिगातूनच यायचं. दादा ते निवडायचा, कापायचा, गळाला लावायचा. आई ज्याला जहाज म्हणत होती ते हे.

मला त्याचं वाईट वाटलं नाही, खोटं का सांगू. तो गुडघ्यावर बसून, पूर्वी घोड्याचा खूर हातात घेऊन बघायचा तसा एकेक मासा बघत होता. वाईट वाटलं ते दुसऱ्याच गोष्टीचं. थोड्या अंतरावर तीन-चार म्हाताऱ्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन उभ्या होत्या. दादाने ढीग टोपल्यांत भरला, भिकाजीचे गडी टोपल्या उचलून घेऊन गेले, वाळूवर खवलं राहिली. बायका तरी उभ्याच. मग त्यांतली एक पुढे आली. तिला सगळे पार्वतीकाकी म्हणत. तिचे दोन्ही मुलगे समुद्राने नेलेले.

ती रागावलेली नव्हती. दादाला म्हणाली, "समुद्रान टाकलेला ता आमचा असता, बाबा. होडयेच्या मालकाचा न्हय."

दादाने मान खाली घातली.

मला नंतर कळलं ते असं. रापणीचा उरलेला ढीग कुणाचा, हे त्या गावात कधी कुणी विचारलंच नव्हतं. ज्यांच्या घरात होडीवर जाणारा पुरुष नाही त्या बायका आधी वेचायच्या. खाण्यापुरतं न्यायच्या, थोडं सुकवून पावसाळ्यासाठी ठेवायच्या. त्यातून राहिलेलं आमिषाला आणि माडांच्या खताला जायचं. मोरीच्या तेलाला भाव आला तसे गळ वाढले. गळ वाढले तसं आमिष कमी पडू लागलं. त्या हंगामापासून भिकाजीने रापणवाल्यांशी ठरवून अख्खा ढीग घ्यायला सुरुवात केली होती. तो काही दुष्ट माणूस नव्हता. त्याच्या होडीवर आणखी चार घरं जेवत होती, आणि रिकामा गळ समुद्रात सोडणं त्याला परवडत नव्हतं.

पडवीतलं बोलणं

दुपारी दादा पडवीत आमिष कापत बसला आणि मी त्याच्याजवळ. मी आईच्या डोळ्यांचं सांगितलं. तो ऐकत होता, सुरी चालूच होती. तुकडा तिरका आणि कातडीसकट घ्यायचा, नाहीतर पाण्यात सुटतो, खेकडे कुरतडून नेतात, हे त्याने मधेच मला दाखवलं. मी म्हटलं, दादा, घरी चल. तो म्हणाला, तिथे काय आहे. मी म्हटलं, आई आहे. त्याने पुढचा मासा कापायला घेतला.

मग म्हणाला, "पागेत तोबरे उतरवल्यावर तळाशी हरभरा राहायचा, आठवतं?"

मला आठवत होतं. घोड्यांच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यांत उरलेला हरभरा खरारा करणाऱ्या मोतद्दारांच्या बायका संध्याकाळी येऊन घेऊन जायच्या. आम्ही लहानपणी त्यांच्याकडूनच भाजलेले हरभरे मागून खायचो.

दादाने सांगितलं की विलीनीकरणाच्या सुमाराला वरून हुकूम आला: दाणा मोजून द्यायचा, उरलेला मोजून कोठारात परत घ्यायचा. हिशेबाच्या दृष्टीने त्यात चूक काहीच नव्हती. संध्याकाळी बायका आल्या तेव्हा फाटकावर पाळी दादाची होती.

"मीच फाटक लावलं," तो म्हणाला. "हुकूम होता, लगा दिया. तो हरभरा कोठारात किड्यांनी खाल्ला. कोणाच्याच कामाला नाही आला. त्या बायका दोन-तीन दिवस येत राहिल्या, मग नाही आल्या."

मी त्याला म्हटलं, तुझ्या हातात काय होतं. तो म्हणाला, हातात तेव्हा फाटकच तर होतं.

ग्वाल्हेरला येण्याबद्दल त्याने त्या दिवशी स्पष्ट 'नाही' म्हटलं. इथे मी कामाचा माणूस आहे, म्हणाला. माझी सुट्टी संपत आली होती. मी मनात म्हटलं, आपण एकटीनेच परत जायचं, आणि आईला सांगायचं की जहाज लांबच्या सफरीवर आहे.

होडी परत आली तेव्हा

त्यानंतरच्या सकाळी रापणीला मासळीच कमी लागली. ढीग लहानसा. पार्वतीकाकी आणि बाकीच्या नेहमीसारख्या उभ्या. दादाने केंड वेचले, पुरून आला, हात धुतले आणि मग टोपल्या भरायच्याऐवजी ढिगापासून दूर जाऊन बसला. बायकांना काही कळेना. त्याने हाताने खूण केली, घ्या. त्या आल्या. अगदी थोडं थोडं घेत होत्या, पुन्हापुन्हा त्याच्याकडे बघत. तोच उठला आणि त्याने पार्वतीकाकीची पाटी ओंजळीने भरली. रापणीची माणसं जाळं झटकत हे सगळं बघत होती. 

राहिलं ते दादाने कापलं. दुपारी होडी निघाली तेव्हा पुष्कळ गळ रिकामे होते. भिकाजीने ते पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि तसाच होडीत चढला.

दुसऱ्या दिवशी होडी परत आली ती जवळजवळ मोकळीच. आमिष कमी म्हणून मोकळी आली की त्या दिवशी मोरीच नव्हती, हे मी काही सांगू शकत नाही. कुणीच सांगू शकणार नाही. गडी मान खाली घालून दोरी गुंडाळू लागले. भिकाजी वाळूवरून सरळ आमच्याकडे आला. तो ओरडला नाही. उलट त्याचा आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

"दफेदारसाहेब, तुम्ही मला एकदा विचारलं असतं."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"हो, म्हणालो असतो. माझी होडी आहे." आपण काय बोललो ते त्याच्या लक्षात आलं, पण शब्द निघून गेला होता. तो पुढे म्हणाला, "साहेब, मला ही चार घरं बघायची आहेत. त्या बायकांचं मला कळत नाही असं नाही. पण पहिल्यांदा ही चार घरं."

दादा उभा होता. मिशा नसलेल्या त्या चेहऱ्यावर मला एकदम वडील दिसले. तो म्हणाला, "बरोबर आहे तुझं. मी जातो."

भिकाजीने त्याला थांब म्हणायला हवं होतं. मला वाटतं, तोही दादाने 'चुकलं' म्हणण्याची वाट बघत होता. दोघेही रिसाल्यातले, समोरचा वळेपर्यंत वळायचं नाही हे दोघांनाही शिकवलेलं. त्यांच्यामध्ये मी उभी होते, दोघांनाही ओवाळलेली बहीण, आणि माझ्या मनात त्या क्षणी काय आलं असेल तर हे, की दादा आता घरी येणार. त्या आनंदात मी काही बोलले नाही.

निघालो त्या दिवशी भिकाजीच्या बायकोने सोलकढीसाठी आमसुलं बांधून दिली आणि दारातच रडू लागली. भिकाजी घरी नव्हता. खाडीपलीकडे गेला आहे, म्हणाली. पार्वतीकाकी पडावापर्यंत आली. तिने दादाच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं आपल्या कानशिलावर मोडली, आणि माझ्या हातात सुक्या माशांची पुडी दिली. दादा पडावात बसला तो किनाऱ्याकडे तोंड करून. आगबोट हलेपर्यंत माडांतून कुणी येतं का ते बघत होता.

परत

आईने दादाचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवून पाहिला. मिशा नाहीत म्हणून रागावली. गल्लीत पेढे वाटले. सुक्या माशांची पुडी मात्र तिने वासामुळे घराबाहेर ठेवली, आणि ती मांजराने नेली.

दादाला बिर्लानगरच्या गिरणीत फाटकावर काम मिळालं. आई सगळ्यांना सांगते, गिरणीत आहे. तो सायकलने जातो, सायकलने येतो, पुन्हा मिशा ठेवल्या आहेत. समुद्राविषयी कुणी विचारलं तर माझ्याकडे बोट दाखवतो.

मग उन्हाळ्यात एका संध्याकाळी भिकाजी आमच्या दारात उभा. पेन्शनच्या कामाला आला होता. लष्करातल्या जुन्या दप्तरात गेला तर तिथे कुलूप. कुणीतरी सांगितलं, ते सगळं आता भोपाळला. भोपाळची गाडी दुसऱ्या दिवशी होती. दादाने त्याला हाताला धरून आत आणलं. दोघांनी मागचं काही काढलं नाही. आईने स्वतः पोळ्या केल्या, दिसत नसतानाही.

जेवता जेवता दादाने पार्वतीकाकीचं विचारलं. भिकाजीने सांगितलं, बरी आहे. मग घास हातात धरून म्हणाला, "तुम्ही गेल्यावर रापणवाल्यांनी मला ढीग द्यायचा बंद केला. म्हणाले, आधी बायका, मग तुझी होडी. दफेदार करून गेला तसंच होणार."

दादा म्हणाला, "मग?"

"मग काय. बायका नेतात, राहिलेलं मी घेतो."

"पुरतं?"

भिकाजीने घास ताटात ठेवला. "पुरतं, साहेब," तो म्हणाला. "थोडे गळ कमी केले. पुरतं."

 दादा ताटातली पोळी मोडत होता, खात नव्हता. मग अगदी सहज विचारल्यासारखं त्याने विचारलं, "आमिष कोण कापतं आता?"

"मेव्हण्याला घेतलं आहे. त्याची बायको-मुलंही आली आहेत आता आमच्याकडे." भिकाजी थोडा थांबला. "मी त्या दिवशी आलो होतो, साहेब. धक्क्यावर. आगबोट वळली होती."

दादाने मान हलवली आणि भिकाजीला आणखी भाजी वाढ म्हणून मला सांगितलं. मी वाढली.

आईला यातलं काय कळलं कोण जाणे. तिने आवाजाच्या दिशेने भिकाजीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "बाळ, तुझे उपकार मी कशी फेडू? तू सोडलंस म्हणून माझा मुलगा मला परत मिळाला."